ओटा, काळी जमीन आणि वाळू: चेहऱ्यावरचा प्रकाश येतो कुठून?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून एका तरुण छायाचित्रकाराने सविस्तर प्रश्न पाठवला आहे. त्यांच्याजवळ एपीएस-सी (३५ मिमी फिल्मएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ मिमीची किट लेन्स, ५० मिमीची एफ/१.८ लेन्स, एक फ्लॅश आणि तो दुरून पेटवणारा रेडिओ ट्रिगर एवढी सामग्री आहे. येत्या हिवाळ्यात त्यांना व्यक्तिचित्रांची तीन कामे मिळाली आहेत: निवृत्त मुख्याध्यापकांच्या गौरव स्मरणिकेसाठी त्यांचे पूर्ण पानाचे छायाचित्र, कापूस पिकवणाऱ्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे शेतातले छायाचित्र आणि केळीचे वेफर्स करणाऱ्या महिला बचत गटाचे एकत्रित छायाचित्र. त्यानंतर नाताळच्या सुट्टीत ते घरच्यांसह कोकणात जाणार आहेत. मागच्या खेपेला समुद्रावर काढलेल्या फोटोंत चेहरे काळवंडले आणि जिथे चेहरे उजळ आले तिथे आकाश पांढरेफटक झाले, असे ते लिहितात. आणखी एक फ्लॅश आणि मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवायची, प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) घेतला तर हे सगळे सुधारेल का, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे.

खरेदीचा प्रश्न मी शेवटी घेतो, कारण ही चारही कामे आहे त्या साहित्यात उत्तम होऊ शकतात. अडचण दिव्यांच्या संख्येची नाही. आपण सूर्याला आणि फ्लॅशला प्रकाश म्हणतो, पण चेहऱ्यावर पोहोचणारा बराचसा प्रकाश जमिनीवरून, भिंतीवरून, समोरच्या पांढऱ्या धोतरावरून, आकाशाच्या उघड्या भागावरून परतून आलेला असतो, आणि त्याच्याकडे आपले लक्षच नसते. माझा इतक्या वर्षांच्या कामातला ठाम अनुभव असा की, ज्याला हे परतणारे प्रकाश ओळखता येतात त्याला एक फ्लॅश पुरतो, आणि ज्याला ते दिसत नाहीत त्याला चार फ्लॅशही अपुरे पडतात.

यामागचे मूळ तत्त्व थोडक्यात सांगतो. प्रकाश मऊ की कडक हे त्याच्या तेजावर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिले असता तो उगम केवढा मोठा दिसतो यावर ठरते. सूर्य प्रचंड असला तरी आपल्याला आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून त्याची सावली धारदार पडते. तोच सूर्यप्रकाश चुन्याने रंगवलेल्या दहा फूट रुंद भिंतीवर पडून परतला की ती भिंतच उगम होते आणि नाकाची सावली विरघळून जाते. फ्लॅशचेही तसेच आहे. छत्रीत लावलेला फ्लॅश चेहऱ्यापासून दोन हातांवर असेल तर मऊ दिसतो आणि तीच छत्री पंधरा फुटांवर नेली तर पुन्हा कडक होते. त्यामुळे ‘सॉफ्टबॉक्स लावला तरी सावली कडकच येते’ ही जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिचे कारण बहुधा सॉफ्टबॉक्स फार लांब ठेवलेला असतो एवढेच असते.

आता आपल्या मुलखाचा विचार करा. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आपल्याकडे मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी बाहेर व्यक्तिचित्र काढणे जवळपास अशक्य असले, तरी डिसेंबरात दुपारी बारालाही प्रकाशाला बाजू असते, आणि ४५ अंश हा तर स्टुडिओत मुख्य दिवा ज्या उंचीवर ठेवतात जवळपास तोच कोन आहे. तुमची तिन्ही कामे हिवाळ्यात आहेत ही जमेची बाजू समजा. दुसरी गोष्ट जमिनीची. तापीकाठची आणि एकूणच खान्देशातली काळी कसदार जमीन प्रकाश गिळते. कपाशीच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, कारण खालून काहीच परत येत नाही. समुद्राच्या वाळूवर याच्या नेमके उलट घडते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा कामी येणार आहे.

मुख्याध्यापकांचे छायाचित्र मी त्यांच्या घरीच काढीन. जुने धाब्याचे घर असेल तर फारच चांगले: जाड भिंती, लहान खिडक्या आणि प्रकाशाचा एकच मोठा स्रोत म्हणजे पुढचा दरवाजा. ज्या वेळी दारात थेट ऊन नसेल, म्हणजे पूर्वाभिमुख घर असल्यास दुपारनंतर, तेव्हा जा. खुर्ची उंबरठ्याच्या आत साधारण मीटरभर ठेवा आणि गुरुजींना दाराकडे ४५ अंशांत वळवून बसवा. तुम्ही दाराच्या कडेला, भिंतीला पाठ लावून उभे राहा. दाराकडचा गाल उजळेल, नाकाची सावली पलीकडच्या गालावर उतरेल आणि त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरेल. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या व्यक्तिचित्रांवरून या रचनेला त्याचे नाव मिळाले आहे. त्रिकोण दिसेनासा होऊन अर्धा चेहरा पूर्ण अंधारात गेला, तर गुरुजींना आणखी थोडे दाराकडे वळवा. दिवा हलवता येत नसेल तेव्हा माणूस हलवायचा, ही सवय याच कामावर लावून घ्या.

इथे एक बारकावा आहे, जो खोलीत उभे राहून सहज दिसत नाही. बाहेर ओट्यापुढच्या अंगणात ऊन पडलेले असेल आणि फरशी किंवा सिमेंटचा कोबा असेल, तर त्यावरून परतलेला प्रकाश दारातून खालच्या बाजूने आत येतो. मग हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्या उजळतात, कपाळ मंदावते आणि चेहऱ्याचा भारदस्तपणा जातो. अशा वेळी अंगणात, दारापासून पाच-सहा फुटांच्या पट्ट्यात, काळी घोंगडी किंवा गडद सतरंजी पसरा. खालचा प्रकाश तत्काळ तुटतो आणि फक्त आकाशाचा प्रकाश वरून तिरपा येत राहतो. घोंगडी टाकण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवून पाहा. या एका प्रयोगातून प्रकाशयोजनेचा अर्धा अभ्यास होईल. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद वाटली तर फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा पांढरा सनबोर्ड (हलका फोमचा तक्ता) अंधाऱ्या गालाकडे दोन-तीन फुटांवर धरायला कुणाला तरी सांगा. तो जवळ आणला की सावली उघडते, लांब नेला की मिटते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, लेन्सचे छिद्र एफ/२.८ आणि शटर १/२५० सेकंद इथून सुरुवात करून प्रत्यक्ष उजेडाप्रमाणे बदल करा. खोलीतली ट्यूबलाइट मात्र बंद करायला विसरू नका, कारण दाराचा निळसर आणि ट्यूबचा हिरवट असे दोन रंग एकाच चेहऱ्यावर आले तर ते नंतर संगणकावरही नीट वेगळे करता येत नाहीत.

गुरुजींच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि डोळ्यांवर चष्मा असेल असे गृहीत धरतो. टोपीचा पांढरेपणा पूर्ण उडाला तर तिची शिवण आणि घडी दोन्ही हरवतात, म्हणून कॅमेऱ्यातला हायलाइटचा इशारा (उडालेला भाग लुकलुकवून दाखवणारा) चालू ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि टोपी लुकलुकू लागली की एक्स्पोजर थोडे उतरवा. गडद आलेल्या चेहऱ्याला नंतर दोन पावले उजळता येते, उडालेली टोपी परत आणता येत नाही. चष्म्याच्या काचेवर दाराचे प्रतिबिंब दिसत असेल तर ते आरशाच्या नियमाने येते, ज्या कोनात प्रकाश पडतो त्याच कोनात तो परततो. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित, अर्धा सेंटिमीटर, उचलल्या की काच खाली झुकते आणि प्रतिबिंब छातीकडे निघून जाते. काड्या उचललेल्या समोरून कळतही नाहीत. चष्मा काढून ठेवा असे मात्र कधीही सांगू नका. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांनी ज्यांना चष्म्यातच पाहिले, त्यांचा चष्म्याविना चेहरा स्मरणिकेत परका वाटतो.

५० मिमीची लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर फुल फ्रेमच्या सुमारे ७५ मिमीइतके दृश्य देते, ते या कामाला अगदी योग्य आहे. चेहऱ्याचा घाट लेन्सवरून बदलत नाही, अंतरावरून बदलतो. दीड-दोन मीटरवर उभे राहिलात तर नाक मोठे दिसणार नाही. किट लेन्स १८ मिमीवर ठेवून जवळ गेलात तर तेच नाक बटाट्यासारखे येईल. स्मरणिका ए-५ आकाराची असेल तर पूर्ण पानाला ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशेबाने साधारण १७५० बाय २४८० पिक्सेल पुरतात, त्यामुळे मेगापिक्सेलची चिंता नको. छपाईच्या कागदाची चौकशी मात्र आधी करा. साध्या, शाई शोषणाऱ्या कागदावर ऑफसेटचे ठिपके पसरतात आणि गडद भाग आणखी गडद होतो. तसा कागद असेल तर सनबोर्ड जवळ आणून सावल्या पडद्यावर हव्याशा वाटतील त्यापेक्षा थोड्या जास्तच उघड्या ठेवा.

आणखी एक. गुरुजी कॅमेऱ्यासमोर छाती ताणून, श्वास रोखून बसतील, कारण त्यांच्या पिढीला फोटो म्हणजे तसेच बसणे माहीत आहे. पहिले काही फोटो तसेच काढा, त्यांचा मान ठेवा. मग कॅमेरा खाली घ्या आणि त्यांना पहिल्या नेमणुकीच्या शाळेविषयी विचारा. उत्तर देताना नव्हे, उत्तर संपवून ते तुमच्याकडे पाहतात त्या क्षणी फोटो घ्या. बोलताना तोंड उघडे येते. बोलून झाल्यावरच्या एक-दोन सेकंदांत चेहऱ्यावर आठवण असते आणि स्नायू मात्र सैल झालेले असतात.

शेतातल्या कुटुंबासाठी दुपार उलटल्यानंतरची वेळ मागून घ्या. सूर्य सगळ्यांच्या मागे, थोडा एका बाजूला ठेवा, म्हणजे कुणाला डोळे बारीक करावे लागणार नाहीत आणि आजोबांच्या फेट्याला, आजीच्या डोक्यावरच्या पदराला उजेडाची कड लाभेल. चेहरे आता सावलीत आहेत आणि काळी जमीन त्यांना काहीच देत नाही. इथे शेतातलीच वस्तू वापरा. डिसेंबरात वेचणी चालू असते. वेचलेला कापूस पांढऱ्या चादरीवर पसरून तो कुटुंबाच्या पुढे, चौकटीच्या खालच्या कडेबाहेर राहील असा ठेवायला सांगा. उन्हात पसरलेला कापूस जो प्रकाश वर फेकतो, तो कोणत्याही घडीच्या रिफ्लेक्टरपेक्षा मऊ आणि मोठा असतो, शिवाय वाऱ्याने उडून जात नाही. कॅमेऱ्यातून पाहत असताना कुणाला तरी ती चादर दोन फूट पुढे आणि दोन फूट मागे ओढायला सांगा, डोळ्यांतली चमक उमटताना आणि मावळताना दिसेल. आयएसओ १००, १/२००, एफ/५.६ ही सुरुवात योग्य ठरते. आकाश काहीसे उडेल, म्हणून चौकटीत आकाश कमी आणि कपाशी जास्त घ्या. आजी-आजोबांना बाजेवर किंवा बैलगाडीच्या जुवाळीवर बसवा, मुले-सुना मागे, नातवंडे आजोबांना टेकून. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न कामाची वस्तू हातात दिली की आपोआप सुटतो. आणि ‘इकडे पाहा, हसा’ असे म्हणण्यापेक्षा ‘आप्पा, यंदा कापूसले काय भाव भेटना?’ असे अहिराणीत विचारा. उत्तर बहुधा आनंदाचे नसते, पण सगळे कुटुंब एकाच वेळी आप्पांकडे वळते आणि त्या वळण्यात त्यांचे नाते दिसते.

बचत गटाच्या कामात तुमचा फ्लॅश लागेल, कारण वेफर्सचे काम बहुधा पत्र्याच्या शेडखाली चालते आणि तिथे दुपारीही उजेड एकाच बाजूने येतो. दहा-बारा जणी एका रांगेत उभ्या असतील आणि फ्लॅश पहिलीपासून एक मीटरवर एका बाजूला ठेवलात, तर दोन मीटरवरच्या बाईवर पहिलीच्या चौथाई प्रकाश पोहोचेल. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. तोच फ्लॅश मागे नेऊन पहिलीपासून तीन मीटरवर ठेवा. आता तीन आणि चार मीटरवरच्या दोघींमध्ये एका स्टॉपपेक्षाही (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी फरक पडेल. म्हणून समूहासाठी फ्लॅश लांब आणि उंच, एकट्या माणसासाठी जवळ. लांब नेल्यावर तो कडक होतो, हा दोष भिंतीने भरून काढा: फ्लॅशचे तोंड गटाच्या विरुद्ध दिशेच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा, म्हणजे सगळी भिंतच दिवा होईल. भिंत पांढरी आहे ना, हे मात्र आधी पाहा. आपल्याकडे निळ्या डिस्टेंपरची किंवा हिरव्या ऑइलपेंटची हौस फार, आणि तो रंग जसाच्या तसा चेहऱ्यांवर उतरतो. रंगीत भिंत असेल तर तिच्यावर पांढरी चादर ताणा. एकाऐवजी तीन रांगा करा, पुढच्या बसलेल्या, मधल्या वाकलेल्या, मागच्या उभ्या. एफ/८ ठेवा आणि पुढून दुसऱ्या रांगेवर फोकस करा. तळणीच्या कढया चालू असताना फोटो काढू नका. तेलाच्या वाफेने लेन्स चिकट होते आणि गर्दीत कुणी मागे सरकले तर अपघात होईल.

कामाला जाण्यापूर्वी घरी सराव करायचा असेल तर बाजारातून भरिताचे एक वांगे आणा. जळगावचे भरिताचे वांगे फिकट हिरवे, मोठे आणि तुकतुकीत असते. त्याच्या सालीवर खिडकी, फ्लॅश, छत्री यांचे प्रतिबिंब जसेच्या तसे उमटते, त्यामुळे दिव्याचा आकार, उंची आणि अंतर हे तीनही त्यावर वाचता येतात. वांग्यावरचा उजेडाचा डाग लहान आणि टोकदार असेल तर माणसाच्या कपाळावरही तसाच चमकता डाग येईल. तो पसरट आणि कडेला विरत जाणारा झाला की तीच मांडणी चेहऱ्याला वापरा. टेबलावरच्या अभ्यासाला कमी लेखू नका. चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी टेबलावर लहानसहान वस्तू मांडून केलेल्या छायाचित्रणातून किती मोठे जग उभे करता येते ते दाखवले आहे. खान्देशातल्या छायाचित्रकाराने चाळीसगावला जाऊन त्यांचे काम एकदा तरी डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता समुद्र. तुमचे चेहरे काळवंडले याचे कारण कॅमेऱ्याच्या मोजणीत आहे. कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. उजळ वाळू, चमकणारे पाणी आणि आकाश यांनी चौकट भरली की तो ते सगळे करडे करायला निघतो आणि त्या नादात माणसे बुडतात. उपाय सोपा: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या उजेडात आपण केलेली वाढ-घट) अधिक २/३ ते अधिक १ १/३ स्टॉपपर्यंत न्या, किंवा चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेची मोजणी) करा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि उजेडाची पट्टी वर सरकवा. वाळूप्रमाणे हा आकडा बदलतो. गणपतीपुळ्याची वाळू उजळ आहे, रत्नागिरीच्या मांडवीची काळसर. मांडवीला इतकी वाढ लागत नाही.

पण नुसती मोजणी सुधारून भागणार नाही, कारण चेहरा आणि आकाश यांच्यातली तफावतच मोठी असेल तर एक वाचवताना दुसरे जाणारच. ही तफावत कमी करायची तर दिशा समजून घ्या. कोकणचे किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य डोंगरामागून, म्हणजे तुम्ही समुद्राकडे पाहत असाल तर तुमच्या पाठीमागून येतो. घरची मंडळी समुद्राला पाठ करून उभी राहिली की त्यांच्या चेहऱ्यावर ऊन आणि मागे निळे पाणी, आकाशही निळे, असा मेळ बसतो. चेहरे आणि पार्श्वभूमी दोन्ही एकाच सूर्याने उजळलेली असल्याने काहीही उडत नाही. सूर्य वर चढण्याआधी, तो सौम्य असतानाच हे काढा, नाहीतर सगळे डोळे मिचकावतील. तुमच्या मागच्या फोटोंचे वर्णन वाचून वाटते की ते दुपार उतरताना, सूर्य समुद्राच्या बाजूला गेल्यावर काढलेले असावेत. त्या वेळी त्याच जागी चेहरे सावलीत आणि आकाश लख्ख असते.

सकाळची आणखी एक जागा मला सर्वाधिक आवडते: सुरूच्या बनाची समुद्राकडची कड. बनाच्या सावलीत, पण झाडांच्या अगदी शेवटच्या रांगेत, सगळ्यांना समुद्राकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही वाळूवर उभे राहून फोटो काढा. समोर पश्चिमेचे अख्खे आकाश उघडे असते, खाली उन्हात तापू लागलेली वाळू उजेड वर फेकत असते, आणि या दोन्हींमधून येणारा प्रकाश इतका समतोल असतो की आजीच्या सुरकुत्याही मऊ दिसतात आणि नातवाच्या डोळ्यांत चमकही येते. कपाशीच्या शेतात चादरभर कापसाने जे साधले, ते इथे किनारा स्वतःच मैलभर लांबीने करतो. मागे सुरूच्या खोडांची गडद पार्श्वभूमी असल्याने माणसे उठून दिसतात. समुद्र चौकटीत येत नाही ही एकच उणीव, आणि ती दुसऱ्या फोटोंनी भरून निघते.

भर दुपारी काढावेच लागले तर फ्लॅश वापरा, पण त्याचा हिशेब समजून. उन्हात आयएसओ १०० ला १/२०० सेकंदाला एफ/११ लागतो. फ्लॅशचा गाइड नंबर (आयएसओ १०० ला त्याची ताकद सांगणारा आकडा) ३६ मीटर असेल तर ३६ भागिले ११ म्हणजे साधारण सव्वातीन मीटरपर्यंत तो पूर्ण ताकदीने पुरेल. त्यावर सॉफ्टबॉक्स चढवलात की एक ते दोन स्टॉप जातात आणि फ्लॅश उन्हापुढे दिसेनासा होतो. शिवाय किनाऱ्यावरचा वारा स्टँडसकट सॉफ्टबॉक्स पाडतो. म्हणून किनाऱ्यावर फ्लॅश उघडाच, कॅमेऱ्यावर, दोन मीटरच्या आत वापरा. वाळूचा खालचा प्रकाश त्याचा कडकपणा पुष्कळसा झाकतो. हायस्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) चालू केलेत तर शटरचा वेग वाढवता येईल, पण फ्लॅशची ताकद घटेल हेही धरा.

संध्याकाळी सूर्यास्ताच्या वेळी दोनच गोष्टी कराव्यात. एक, सूर्य मागे ठेवून आकृत्या: आकाशावर मोजणी करा आणि माणसांना एकमेकांपासून सुटे उभे करा, नाहीतर सगळे कुटुंब मिळून एकच काळा डोंगर होतो. चेहरे कॅमेऱ्याकडे नकोत, बाजूने हवेत, म्हणजे नाक, हनुवटी, अंबाडा ओळखू येतील. दुसरी गोष्ट बहुतेकांकडून सुटते, कारण सूर्य बुडाला की लोक चपला शोधू लागतात. त्यानंतरची सुमारे वीस मिनिटे पश्चिमेचे आकाश एक प्रचंड, गुलाबी, मऊ दिवा होते. तेव्हा घरच्यांना समुद्राकडे तोंड करून उभे करा आणि तुम्ही पाण्याच्या कडेला, समुद्राकडे पाठ करून उभे राहा. आयएसओ ४०० पासून हळूहळू १६०० पर्यंत वाढवत जा. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेची दुरुस्ती) ऑटोवर ठेवू नका. डेलाइटवर बांधून ठेवा, नाहीतर कॅमेरा तो गुलाबीपणा दोष समजून पुसून टाकेल. लाटांकडे पाठ असेल तेव्हा भरतीची वेळ आधी विचारून घ्या आणि कुणाला तरी पाण्यावर नजर ठेवायला सांगा.

लहान मुलांना किनाऱ्यावर उभे करून फोटो काढण्याचा हट्ट धरू नका. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेले मूल पहिल्यांदा समुद्र पाहते तेव्हा ते लाटेला भिऊन मागे पळते आणि पुन्हा पुढे जाते. तो खेळ १/१००० सेकंदाला, गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपा. क्षितिजाची रेघ मोठ्या माणसांच्या गळ्यातून जाणार नाही आणि तिरकी होणार नाही, इतके पाहा. पोलरायझर फिल्टर पाणी गडद करतो, पण दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो आणि त्वचेवरची नैसर्गिक चमकही कमी करतो, म्हणून माणसांसाठी तो काढून ठेवावा.

किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. ५० मिमी किंवा किट लेन्स, जी लावून जाल तीच ठेवा. एसी खोलीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढलात तर काचेवर वाफ धरते, म्हणून बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. परतल्यावर कॅमेऱ्याचे बाहेरचे अंग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या आणि घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा, लगेच कोरड्या कापडाने, आणि रात्री सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा. मीठ वाळले की ते हवेतली ओल ओढत राहते आणि बटणांच्या फटींत गंज धरतो. लेन्सवर वाळू असेल तर आधी ब्लोअरने उडवा, मग पुसा.

उरला खरेदीचा प्रश्न. सॉफ्टबॉक्स आज घेऊ नका. त्याऐवजी चार फूट बाय तीन फूट आकाराचे दोन पांढरे सनबोर्ड घ्या आणि त्यांपैकी एकाच्या मागच्या बाजूला काळा कागद चिकटवा, कारण प्रकाश देण्याइतकीच तो तोडण्याचीही गरज पडते. पांढरी, प्रकाश आरपार जाऊ देणारी, चाळीस इंचांची छत्री आणि एक जड स्टँड घ्या. स्टँडला लटकवायला वाळूची पिशवी घरीच शिवता येईल. फ्लॅशसाठी नारंगी जेलचा (पारदर्शक रंगीत पत्र्याचा) एक तुकडा ठेवा, म्हणजे पिवळ्या दिव्यांच्या घरात फ्लॅशचा रंग त्यांच्याशी जुळेल. एवढ्यावर गुरुजी, कापसाचे कुटुंब आणि बचत गट ही तिन्ही कामे होतील. दुसरा फ्लॅश हळदीची, लग्नाची रात्रीची कामे नियमित मिळू लागल्यावर घ्या, आणि घेताना तो आत्ताच्या ट्रिगरवर चालतो ना, हे दुकानात लावून पाहूनच पैसे द्या.